सर्फ गिटारला कोणता स्प्रिंग रिव्हर्ब मानवतो

तांब्याच्या घंगाळात नळाचा एखादा थेंब पडला की ‘टुप्’ असा गोल, ओला आणि शेवटी किंचित वर चढणारा आवाज येतो. गिटारच्या जाड तारेवर तळहाताची कड टेकवून पिकचा आखूड आघात केला की जवळजवळ असाच आवाज निघावा, अशी सर्फ गिटार, म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रुजलेले गिटारप्रधान संगीत, वाजवणाऱ्यांची अपेक्षा असते. या आवाजाला ते ‘ड्रिप’ म्हणतात, आणि त्याच्यासाठी ते जेवढा पैसा व वेळ खर्च करतात तेवढा बहुधा गिटारसाठीही करत नाहीत. गेली काही वर्षे मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहत असल्यामुळे या छंदाची, म्हणजे स्प्रिंगच्या साहाय्याने गिटारच्या आवाजाला घुमार (रिव्हर्ब) देणारी, जुनी-नवी यंत्रे हाताळण्याची संधी मला मिळत गेली. त्यांपैकी पाच यंत्रे मी एकाच गिटारवर, एकाच अँप्लिफायरपुढे आणि एकाच खोलीत आलटून पालटून वाजवून पाहिली, त्याचा हा वृत्तांत आहे. गिटार जॅझमास्टर जातीची असून तिला नेहमीपेक्षा जाड तारा चढवलेल्या आहेत. अँप्लिफायर फेंडर कंपनीचा ‘६५ डिलक्स रिव्हर्ब’ आहे, आणि त्याच्यातला अंगभूत रिव्हर्ब, तो तपासतानाची वेळ सोडली तर, मी पूर्ण बंद ठेवला होता.

तुलनेकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केलेला बरा. सर्फ संगीत आणि रिव्हर्ब यांचा जन्म एकत्र झाला, असे पुष्कळांना वाटते, परंतु ते खरे नाही. १९६१ साली न्यूपोर्ट बीचजवळच्या बाल्बोआ येथील राँदेव्हू बॉलरूममध्ये (नाचाच्या सभागृहात) गिटारवादक डिक डेल याच्या गिटारवर तरुण पोरे नाचू लागली, तेव्हाच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर रिव्हर्ब नाही. तिथे ऐकू येतात ती जाड तारांवरची जोरकस, भरधाव पिकिंग आणि कोरडा, मोठा आवाज. डेल स्वतः सांगत असे की रिव्हर्ब त्याला मुळात हवा होता तो गाण्यासाठी, म्हणजे स्वतःच्या सपाट आवाजात थोडी लांबण यावी म्हणून. फेंडरचा कारखाना तिथून फार दूर नव्हता, फुलर्टनमध्ये. १९६१ मध्येच कंपनीने ‘६जी१५’ या क्रमांकाची, गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये जोडायची स्वतंत्र रिव्हर्बची पेटी बाजारात आणली, आणि पुढच्या दोन वर्षांत त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळकरी बँडला ती हवीशी झाली. सांता आना हायस्कूलच्या मुलांनी काढलेल्या शँटेज या बँडची ‘पाइपलाइन’ १९६३ मध्ये गाजली, तोपर्यंत हा ओला आवाज म्हणजेच सर्फ हे समीकरण पक्के झाले होते. गंमत अशी की रिव्हर्बचा सर्वांत मुक्त वापर करणाऱ्यांपैकी एक बँड, अॅस्ट्रोनॉट्स, समुद्रापासून हजारभर मैल दूर असलेल्या कोलोरॅडोतल्या बोल्डर गावचा होता. राँदेव्हू बॉलरूम १९६६ मध्ये आगीत नष्ट झाली. पेटी मात्र आजही वेगवेगळ्या रूपांत विकली जाते.

स्प्रिंग रिव्हर्ब हा शोध फेंडरचा नाही. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर येणारा विलंब प्रयोगशाळेत निर्माण करण्यासाठी बेल लॅबोरेटरीजमध्ये स्प्रिंगांचा उपयोग झाला होता. लॉरेन्स हॅमंड याने ती कल्पना उचलून आपल्या ऑर्गनमध्ये बसवली, कारण चर्चच्या घुमणाऱ्या दगडी भिंतींत शोभणारे वाद्य लोकांच्या गालिचे अंथरलेल्या दिवाणखान्यात गेल्यावर अगदीच केविलवाणे वाटत असे. सुरुवातीच्या रचनेत काही स्प्रिंगा तेलात बुडवलेल्या असत, त्यामुळे ती पेटी हलवणे हे एक दिव्य होते. पुढे हॅमंडने सुमारे सतरा इंच लांबीचा, पत्र्याच्या चौकटीत टांगलेला कोरडा टँक, म्हणजे स्प्रिंगांचा संच, तयार केला. ‘टाइप ४’ या नावाने तो आजही ओळखला जातो, आणि फेंडरने आपल्या पेटीसाठी तोच घेतला.

या टँकमध्ये घडते ते साधेच आहे, पण ते समजून घेतल्याशिवाय पुढची तुलना पटणार नाही. एका टोकाला असलेल्या छोट्या कॉइलमध्ये गिटारचा सिग्नल शिरला की तिथले चुंबक हलते आणि त्याला जोडलेली स्प्रिंग पिळली जाते. तो पीळ दुसऱ्या टोकाला पोचला की तिथल्या कॉइलमध्ये पुन्हा सिग्नल उमटतो, आणि उरलेला पीळ परत फिरून पुन्हा येत राहतो. टाइप ४ मध्ये अशा दोन स्प्रिंगा असतात. त्यांचे विलंब मुद्दाम वेगळे, साधारण ३३ आणि ४१ मिलिसेकंद, ठेवलेले असतात, म्हणजे दोघींचे प्रतिध्वनी एकमेकांवर नेमके बसत नाहीत आणि आवाज यांत्रिक टकटकीसारखा वाटत नाही. स्प्रिंगमधून सगळ्या कंपनसंख्या एकाच वेगाने जात नाहीत. खालचे सूर आधी पोचतात, वरचे मागून येतात. त्यामुळे आत शिरताना टोकदार असलेला आघात बाहेर पडताना खालून वर चढत जाणारी छोटी शीळ होतो, आणि प्रत्येक फेरीत ती शीळ अधिक ताणली जाते. खऱ्या दालनात असे काही होत नाही. म्हणूनच स्प्रिंग रिव्हर्ब ही दालनाची फसलेली नक्कल आहे, आणि सर्फवाल्यांचे प्रेम नेमके त्या फसण्यावर आहे.

यातून माझा मुख्य मुद्दा निघतो. ड्रिप ही रिव्हर्ब किती आहे यावर अवलंबून नसते, स्प्रिंगेला किती जोराने हाणले जाते यावर असते. ६जी१५ पेटीवर तीन नॉब असतात: ड्वेल, मिक्सर आणि टोन. मिक्सर हा मूळ आवाज आणि स्प्रिंगचा आवाज यांचे प्रमाण ठरवतो, टोन स्प्रिंगच्या आवाजातला चकचकीतपणा ठरवतो, आणि ड्वेल हा स्प्रिंगेत सिग्नल किती जोमाने ढकलायचा ते ठरवतो. नवशिका मिक्सर पुरता उघडतो आणि ड्वेल निम्म्यावर ठेवतो. मग त्याला गुहेत वाजवल्यासारखा धुरकट आवाज मिळतो आणि यंत्रच वाईट आहे असे वाटू लागते. उलट ड्वेल वर आणि मिक्सर मध्याच्या आसपास ठेवला तर मूळ सूर स्पष्ट राहतो आणि प्रत्येक आघाताच्या कडेला तो थेंब फुटतो. दुसरी गोष्ट जागेची. ही पेटी अँप्लिफायरच्या आधी लागते, म्हणून तिच्यातून निघालेले शिंतोडेही गिटारच्या सुराबरोबर अँप्लिफायरच्या पहिल्या व्हॉल्व्हपासून (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळीपासून) पुढे सगळ्या टप्प्यांतून जातात आणि त्याच्या टोनच्या नॉबनी घडवले जातात.

आता पहिले यंत्र, म्हणजे फेंडरने १९९० च्या दशकात ‘६३ रिव्हर्ब’ या नावाने पुन्हा काढलेली पेटी. मूळ ६जी१५ पेट्या आज संग्राहकांच्या हातात गेल्या असून हजार डॉलरच्या वरच मिळतात, तेव्हा सामान्य वादकासाठी ही पुनरावृत्ती हाच अस्सल मार्ग होता. तिचेही उत्पादन आता बंद असल्याने ती वापरलेलीच घ्यावी लागते, आणि मीही तशीच घेतली. आतली मांडणी मूळ पेटीला धरून आहे: पुढे १२एटी७ हा व्हॉल्व्ह, मागे दुबळा सिग्नल उचलणारा १२एएक्स७, आणि मधे टँकला हाकणारा एक पॉवर व्हॉल्व्ह. एका लहान अँप्लिफायरचा स्पीकर काढून त्याच्या जागी स्प्रिंग बसवली, असे या रचनेचे वर्णन करता येईल, आणि तिचा सगळा जोर तिथूनच येतो. फरक एवढाच की मूळ पेटीत हा हाकणारा व्हॉल्व्ह ६के६ होता, तर पुनरावृत्तीत ६व्ही६ बसवलेला असतो. दोघांचे पाय एकाच क्रमाने लावलेले असल्यामुळे बदल करायला फक्त पेटी बंद करून, थंड होऊ देऊन एक काढायचा आणि दुसरा खोचायचा.

मी दोन्ही वाजवून पाहिले. ६व्ही६ वर आवाज जाड आणि भरदार येतो, परंतु ड्वेल मध्याच्या पुढे गेला की शिंतोडे एकमेकांत मिसळून चिखल होतो. जुन्या रेडिओंतून निघालेला ६के६ लावल्यावर एकूण जोर थोडा कमी झाला, पण प्रत्येक आघात सुटा, टणक आणि ओला ऐकू येऊ लागला, आणि ड्वेलचा शेवटचा चतकोर भागही उपयोगाचा झाला. शक्ती कमी करून ड्रिप वाढते हे वर मांडलेल्या मुद्द्याशी विसंगत वाटेल, म्हणून सांगतो की जोर आणि गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्प्रिंगेला कडक टोला हवा, परंतु तिच्यावर सतत भार नको. हे पुढच्या यंत्रांतही दिसेल. या पेटीची मला सर्वाधिक आवडलेली बाब तिच्या मूळ, कोरड्या आवाजात आहे. मिक्सर शून्यावर असला तरी गिटारचा सिग्नल पेटीतल्या व्हॉल्व्हमधूनच पुढे जातो, आणि अँप्लिफायरच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याला किंचित धार आणि वजन आलेले असते. ती पेटी तारेतून काढून टाकली की गिटार एकदम बारकी वाटते. उणिवा उघड आहेत. वजन भरपूर, व्हॉल्व्ह तापायला वेळ, चाकांच्या गाडीशिवाय नेण्याची सोय नाही, आणि पायाने पेटीला धक्का लागला की सभागृहात वीज कडाडल्यासारखा आवाज होतो, तोही नेमका हळुवार तुकडा चालू असताना.

दुसरे यंत्र सर्फीबेअर. मूळ पेटीतले व्हॉल्व्ह काढून त्यांच्या जागी जेफेट ट्रान्झिस्टर बसवायचे, पण टँक मात्र खराखुरा ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. सुरुवातीला हे फक्त छोट्या सर्किट बोर्डाच्या संचाच्या रूपात मिळत असे आणि टँक व पेटी ज्याची त्याने जमवायची असे. पुढे तयार, धातूच्या खोक्यातली ‘मेटल’ आणि लहान टँकची ‘कॉम्पॅक्ट’ अशा आवृत्त्या आल्या. मी तपासली ती मोठ्या टँकची मेटल. तिच्यावर तेच तीन ओळखीचे नॉब आहेत, आणि ती साध्या अॅडॉप्टरवर चालते.

खरे सांगायचे तर ट्रान्झिस्टरच्या नावाने मी आधीच नाक मुरडून बसलो होतो. डोळे मिटून, बायकोला तारा अदलाबदल करायला सांगून ऐकले तेव्हा पहिल्या दहा फेऱ्यांत मी तीन वेळा चुकलो, आणि तिन्ही वेळा सर्फीबेअरला फेंडर समजलो. तारेवर तळहात टेकवून केलेल्या आघाताला तिचा प्रतिसाद अतिशय चपळ आहे, ड्रिप टोकदार आहे, आणि मागची खरखर व्हॉल्व्हच्या पेटीपेक्षा स्पष्टपणे कमी आहे. फरक जाणवला तो दोन ठिकाणी. एक म्हणजे व्हॅमीबारने (सूर वरखाली करायच्या गिटारवरील दांडीने) हेलकावे देत वाजवलेल्या संथ चालीत फेंडरचा सूर थोडा फुगतो, गरम होतो, आणि सर्फीबेअरचा तसाच स्वच्छ राहतो. दुसरे म्हणजे अगदी जोरात वाजवले की व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जातो, तर जेफेट एका ठरावीक मर्यादेवर थोडा काटेरी होतो. ही तक्रार बारीक आहे, आणि बँडमध्ये ड्रम वाजत असताना ती माझ्याही लक्षात येत नाही. किंमत, वजन आणि निगा या तिन्हींत ती फेंडरच्या खाली आहे. जिथे तांत्रिक कारागीर सहज मिळत नाही तिथे राहणाऱ्याने, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक वादकांनी, हीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा पर्याय अनेकांच्या घरात आधीच असतो, तो म्हणजे अँप्लिफायरमधला अंगभूत रिव्हर्ब. फेंडरने तो पहिल्यांदा १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये दिला, आणि लगेच डिलक्स रिव्हर्ब व ट्विन रिव्हर्ब आले. टँक तोच, टाइप ४. मग वेगळी पेटी कशाला, असा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. उत्तर दोन भागांत आहे. इथे टँकला हाकण्याचे काम १२एटी७ या छोट्या व्हॉल्व्हच्या दोन्ही अर्धांना जोडून केलेले असते. ते काम तो नीट करतो, पण पॉवर व्हॉल्व्हचा टोला त्याला जमत नाही. शिवाय रिव्हर्बसाठी ड्वेल आणि टोन हे नॉबच नाहीत. ‘रिव्हर्ब’ नावाचा एकच नॉब असतो, आणि तो फक्त प्रमाण बदलतो. आणखी एक फरक मांडणीचा. इथे रिव्हर्ब प्रीअँप (अँप्लिफायरचा सुरुवातीचा टप्पा) आणि अँप्लिफायरच्या टोनच्या नॉबनंतर मिसळला जातो, त्यामुळे तो सुराच्या मागे पडद्यासारखा राहतो. पेटीचा रिव्हर्ब मात्र सुराच्या अंगावरच शिंतोडे उडवतो. कंट्री, जॅझ किंवा साधी साथ यांसाठी अंगभूत रिव्हर्ब मला पेटीपेक्षा अधिक आवडतो. सर्फसाठी नॉब सातच्या पुढे नेला की आवाज खोल होतो, ओला होत नाही. मोठ्या आवाजात स्पीकर आणि टँक एकाच खोक्यात असल्याचा त्रासही होतो, कारण स्पीकरच्या हादऱ्याने स्प्रिंग हलते, तो आवाज पुन्हा स्पीकरमध्ये येतो आणि खालच्या पट्टीत एक घों घों सुरू होते.

राहिली डिजिटल पेडले, म्हणजे पायाने चालू-बंद करायची छोटी यंत्रे. त्यांच्याकडून अपेक्षा ठेवताना एक भान हवे. स्प्रिंग ही एक भौतिक, थोडी बेशिस्त वस्तू आहे, आणि तिची गणिती प्रतिकृती करताना शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारा भाग, तुलनेने सहज जमतो. कठीण असतो पहिल्या पन्नास-शंभर मिलिसेकंदांतला तो शिंतोडा. म्हणून पेडल विकत घेताना दुकानात सुरेल स्वरसंगती वाजवून पाहण्यात अर्थ नाही. सर्वांत जाड तारेवर हात टेकवून कोरडे, तुटक आघात करावेत, खरे-खोटे तिथेच कळते.

कॅटलिनब्रेडचे टोपांगा हे पेडल थेट ६जी१५ डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. ड्वेल, टोन, मिक्स यांच्या जोडीला एक व्हॉल्यूमचा नॉब दिलेला आहे, आणि हा चौथा नॉब मला सर्वांत शहाणा वाटला. मघाशी म्हटले तसे मूळ पेटी कोरड्या आवाजालाही थोडे ढकलते, आणि टोपांगाच्या रचनाकारांनी ते ओळखले आहे. व्हॉल्यूम थोडा वर ठेवला की अँप्लिफायर पेटी जोडल्यासारखा जागा होतो. शिंतोडा आहे, ओळखता येतो, परंतु दर वेळी जवळपास सारखाच येतो. खऱ्या टँकमध्ये आधीचा आघात विरायच्या आत दुसरा पडला की दोघांची झटापट होऊन तिसरेच काहीतरी निघते. डेलच्या पद्धतीने एकाच तारेवर पिक भरभर वरखाली चालवताना तर ही झटापट सततच चालते. सतारीच्या झाल्यात चिकारीच्या तारा जशा मुख्य सुराला मागून ढोसत राहतात, तशी स्प्रिंग इथे वादकाला ढोसत राहते. टोपांगात हे ढोसणे सौम्य आहे. तरीही विमानाने जाताना हातातल्या पिशवीत मावणारे आणि कार्यक्रमाच्या दिवशी दगा न देणारे यंत्र म्हणून त्याची निवड मी विनासंकोच करीन.

बॉसचे एफआरव्ही-१ फेंडरच्या परवान्याने निघाले होते आणि त्याच्यावर ‘६३ फेंडर रिव्हर्ब’ असे नावही आहे. मिक्सर, टोन, ड्वेल असे पेटीचेच तीन नॉब त्यावर आहेत. ते आता बंद झाले असून वापरलेले शोधावे लागते. त्याच्या शिंतोड्यात टोपांगापेक्षा अधिक तडफ आहे, किंबहुना थोडी जास्तच. ड्वेल पूर्ण उघडला की आवाज चित्रपटातल्या पाण्याच्या ध्वनिपरिणामासारखा नाटकी होतो. वरच्या पट्टीत काचेसारखी एक चमक आहे, ती मला काही वेळाने टोचू लागते, म्हणून टोन एक तृतीयांशाच्या वर मी नेत नाही. बँडच्या गोंगाटात हाच दोष गुण ठरतो, कारण ड्रमच्या झांजांतूनही ड्रिप पार होते. घरी ऐकायला टोपांगा, गर्दीत वाजवायला बॉस, एवढे म्हणून मी हा विषय सोडतो.

या पाचांच्या पलीकडे डॅनेलेक्ट्रोचे स्प्रिंग किंग मित्राकडे वाजवले. त्यात आखूड का होईना पण खऱ्या स्प्रिंगा आहेत, आणि पायाने थोपटून गडगडाट काढण्यासाठी वर एक गादी दिलेली आहे. मौज येते, पण आखूड स्प्रिंगांचा आवाज डब्यातला वाटतो. लांबीला पर्याय नाही, हे त्याने मला शिकवले.

टँकबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पहिल्या तीन पर्यायांत सर्वांत लवकर बिघडणारा आणि सर्वांत स्वस्तात बदलता येणारा भाग तोच. टँकवर ४एबी३सी१बी अशी अक्षरे छापलेली असतात. पहिला ४ हा प्रकार. ए म्हणजे आत जाणाऱ्या कॉइलचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा एकूण विरोध) सुमारे ८ ओहम, बी म्हणजे बाहेरच्या कॉइलचा सुमारे २२५० ओहम. त्यानंतरचा ३ म्हणजे लांब शेपूट, अंदाजे पावणेतीन ते चार सेकंद. शेवटचे बी म्हणजे टँक आडवा, उघडी बाजू खाली करून बसवायचा. आत जाणाऱ्या कॉइलचे अक्षर चुकीचे निवडले तर बाकी सारे उत्तम असूनही आवाज मरतुकडा येतो, आणि दोष बिचाऱ्या पेटीला दिला जातो. वेगवान वाजवणाऱ्यांनी ३ च्या ऐवजी २ क्रमांकाचे, म्हणजे मध्यम शेपटाचे टँक एकदा लावून पाहावे, असे मी सुचवीन. माझ्या सर्फीबेअरमध्ये मी तसे केल्यावर द्रुत चालीतले शब्द, म्हणजे सुरांचे उच्चार, अधिक स्वच्छ झाले. संथ चालींना मात्र ३ च हवा. कंपनी बदलली की सारखी अक्षरे असूनही आवाज बदलतो, हेही ध्यानात ठेवावे.

एकदा टपालाने मागवलेला टँक मला मिळाला तो एक स्प्रिंग सुटलेल्या अवस्थेत. विक्रेत्याने आत कागदाचा एक कपटाही न घालता तो नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवला होता. चिमट्याने ती स्प्रिंग पुन्हा आकड्यात अडकवताना मी तिला किंचित ताणले, आणि तेव्हापासून त्या टँकचा एक प्रतिध्वनी बेसूर आहे. तो मी फेकलेला नाही, कारण एका विशिष्ट चालीत तोच छान वाटतो. पण प्रवासात टँकच्या आतल्या चौकटीखाली फोमचा तुकडा सरकवून ठेवावा आणि वाजवण्यापूर्वी आठवणीने काढावा, ही सवय मला त्यानंतर लागली.

पुण्या-मुंबईत ही यंत्रे वापरू इच्छिणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. अमेरिकेत विकत घेतलेली फेंडरची पेटी १२० व्होल्टची असते आणि ती थेट २३० व्होल्टच्या प्लगमध्ये खोचली तर क्षणात जळेल, म्हणून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर अनिवार्य आहे. तो ट्रान्सफॉर्मर टँकपासून चांगला हात-दीड हात दूर ठेवावा. बाहेर जाणाऱ्या टोकाची कॉइल ही मुळात बारीक चुंबकीय हालचाल टिपण्यासाठीच बनवलेली असते, आणि शेजारचा ट्रान्सफॉर्मरही तिला तितक्याच प्रेमाने ऐकू येतो. गुणगुण येत असेल तर सर्किटवर शंका घेण्याआधी पेटी जागेवरच नव्वद अंशांत फिरवून पाहावी. दुसरी गोष्ट दमट हवेची. टँकच्या दोन्ही आरसीए (तार जोडायच्या) पिनांवर पावसाळ्यात गंज चढतो आणि रिव्हर्ब मधूनमधून गायब होऊ लागतो. अशा वेळी पिना दोन-चार वेळा फिरवून काढ-घाल केली, तर निम्म्या वेळा दुरुस्तीचा खर्च वाचतो. जेफेटची पेटी वा पेडल घेणाऱ्यांना व्होल्टेजचा प्रश्न नाही, योग्य अॅडॉप्टर स्थानिक बाजारातून घेतला की झाले, फक्त त्याच्यावरचे व्होल्ट आणि ध्रुव तपासून घ्यावेत.

सध्या माझ्याकडे ६के६ घातलेली फेंडर घरी कायम जोडलेली असते आणि रेकॉर्डिंग मी तिच्यावरच करतो. बाहेर वाजवायला सर्फीबेअर जाते. टोपांगा प्रवासाच्या बॅगेत पडून असते. एफआरव्ही-१ ज्याच्याकडून घेतले होते त्यालाच परत विकले, आणि ती रक्कम आणखी दोन जुन्या ६के६ मध्ये घातली, कारण ते व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातच शोधावे लागतात.